ट्यूबशीट, बॅफल आणि एकच कट

शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजरच्या (दोन द्रव न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) पोटात एकाच रेषेत किती प्लेटा उभ्या असतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. दोन टोकांना जाड ट्यूबशीट, मध्ये ओळीने बॅफल, आणि या सगळ्यांतून शेकडो ट्यूब आरपार. आमच्या गोरेगावच्या ऑफिसात हे सगळं सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच पार्ट फाइलमध्ये वेगवेगळ्या बॉडी, म्हणजे सुटे घन भाग, म्हणून उभं करतात. एक स्केच, एक कट, आणि सगळ्या बॉडींना एका दमात भोकं. स्केचमधला पिच, म्हणजे शेजारच्या भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, बदलला की सगळीकडे बदलतो, म्हणून ही पद्धत मला आवडते.

त्या सकाळी वसईहून ड्रिलिंगवाल्यांच्या सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, ट्यूबशीटला आणि बॅफलला एकच ड्रिल लावायचं का? ड्रॉइंगमध्ये दोन्हीकडे १९.८५ आहे. आमचे काका मशीन चालू करायला तयार नाहीत."

माझ्या पोटात गोळाच आला.

ट्यूब १९.०५ मिमीची, म्हणजे पाऊण इंची. बॅफलमधलं भोक थोडं सैलच लागतं, कारण बॅफल ट्यूबला फक्त आधार देतो आणि ट्यूब एकामागून एक सगळ्या बॅफलमधून सरकवायची असते. टेमाच्या (हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या) नियमाप्रमाणे आधाराशिवायची लांबी ३६ इंचांपर्यंत असेल तर १/३२ इंच जास्त, म्हणजे साधारण १९.८५. लांबी त्याहून जास्त असेल तर १/६४ इंचच, नाहीतर ट्यूब थरथरून बॅफलच्या कडेवर झिजते. ट्यूबशीटचं गणितच वेगळं. तिथे ट्यूब आतून रोलर एक्स्पांडरने फुगवून भोकाला घट्ट बसवतात, म्हणून भोक १९.३० लागतं. १९.८५ केलं तर भोकाला टेकेपर्यंतच ट्यूब इतकी ताणली जाते की धातू कडक होतो आणि जॉइंट धरत नाही. गळती सुरू झाली की दोन्ही बाजूंचे द्रव एकमेकांत मिसळतात. शिवाय मोठं झालेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही, आणि ट्यूबशीटची प्लेट काही स्वस्तात येत नाही.

बोरिवलीला विरार लोकल पकडून वसई गाठली. ट्यूबशीट मशीनवर बांधलेली होती. सेंटर ड्रिलच्या खुणा पडल्या होत्या, पूर्ण भोक एकही नव्हतं. काकांनी शांतपणे ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "बॅफलची थप्पी लावतो, बारीक वेल्डचे टॅक मारतो, एकदम ड्रिल करतो. एकत्र कापायचं ते तिथे. ट्यूबशीट त्या थप्पीत कधी घेतलेली नाही."

तिथेच लॅपटॉप उघडला. फाइल बाहेरच्या एका मुलाने केलेली, शीटमागे पैसे घेणाऱ्या. कटच्या फीचर स्कोपमध्ये, म्हणजे तो कट कोणत्या बॉडींना लागू करायचा त्या यादीत, 'ऑल बॉडीज' निवडलेलं. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढं इमानाने केलं होतं: वाटेत आलेली प्रत्येक बॉडी कापली. एरर नाही, इशारा नाही. एक्स्पांडरने काय फुगवायचंय हे त्याला कुठून कळणार?

दुरुस्ती फार वेळेची नव्हती. केंद्रबिंदूंचं स्केच तेच ठेवलं आणि त्यावर दोन वेगळे कट घेतले. पहिला १९.३० चा, स्कोपमध्ये फक्त दोन ट्यूबशीट. दुसरा १९.८५ चा, स्कोपमध्ये फक्त बॅफल. दोन्हीकडे 'सिलेक्टेड बॉडीज', ऑटो-सिलेक्ट बंद. या पद्धतीचीही एक खोच आहे: उद्या क्लायंटने एक बॅफल वाढवायला सांगितला तर तो आपोआप कापला जात नाही, फीचर उघडून यादीत घालावा लागतो. त्यावर माझा उपाय म्हणजे बॉडींची वजनं बघणं. एकाच मापाच्या बॅफलचं वजन सारखंच यायला हवं. बिनभोकाचा बॅफल जड निघतो आणि लगेच पकडला जातो. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच शिकवते.

त्या मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ट्यूब आरपार एकच जाते, मग भोकं वेगळी कशाला?" भूमितीच्या बाजूने त्याचं खरं आहे. त्याने एक्स्पांडर कधी चालताना पाहिलेला नाही, आणि शीटमागे पैसे देणारं कुठलंही ऑफिस त्याला ते बघायला वसईला पाठवणार नाही. मला त्याच्यापेक्षा आमच्या चेकिंगचा राग जास्त आला. ड्रॉइंगवर चेकरची सही होती. त्यांनी काय ताडून पाहिलं? मॉडेलमधून काढलेलं ड्रॉइंग मॉडेलशीच. दोन्हीकडे १९.८५, म्हणून बरोबर! डिझाइनची शीट शेजारीच पडलेली असताना कुणी उघडली नाही.

दुपारी सुधारित ड्रॉइंग दिलं, आणि काकांनी आधी एका तुकड्यावर भोक मारून गो-नो-गो गेज (भोक ठरलेल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारं) घालून पाहिलं. मगच ट्यूबशीटला हात लावला.

मालकांचं म्हणणं, प्लेट वाचली, विषय संपला. मला ते पटत नाही. हीच फाइल साचा म्हणून वापरून त्या मुलाने आमची आणखी कामं केली आहेत. जी अजून ड्रिलला गेलेली नाहीत, त्यांचे स्कोप एकेक करून उघडते आहे. जी गेली, त्यांच्या गेजिंगच्या नोंदी वसईहून मागवल्या आहेत. काका प्रत्येक ट्यूबशीटची मापं वहीत लिहून ठेवतात, असं सुपरवायझर सांगत होता. आमच्या ऑफिसात तशी वही नाही. ती सुरू करा, असं मी मालकांना लेखी कळवलंय.