शुक्रवारचा बाजार आणि एक पाहुणी

आज म्हापशाच्या बाजारात स्वीडनहून आलेल्या मायलेकींना घेऊन गेले होते. लेक पुण्याच्या संस्थेतून 1982 साली तान्ही असताना तिकडे दत्तक गेलेली. अबोलीचा गजरा विकणारी मावशी आईशी मोडक्या इंग्रजीत बोलली आणि लेकीकडे वळून सरळ कोकणीत, "खंयची गो तूं?" (कुठली गं तू?) लेक गोंधळली, मग हसली. मला म्हणाली, स्वीडनमध्ये चेहऱ्यामुळे हाच प्रश्न विचारतात आणि इथे तोंड उघडलं की विचारतात.

त्या काळी 1890 च्या पालकत्व कायद्याखाली परदेशी दांपत्याला इथलं कोर्ट फक्त पालक नेमायचं, दत्तकविधान तिकडे जाऊन व्हायचं. सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले ते 1984 मध्ये. त्याआधी गेलेल्या मुलांच्या कागदांत पुष्कळदा फारसं काही सापडत नाही. आज 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत मुळांचा शोध घेता येतो. पण जन्मदात्रीने मूल स्वतः संस्थेच्या हवाली करताना आपली ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती लागते. हे मला योग्यच वाटतं, तिचंही एक आयुष्य आहे.

पण बाजारात भेटलेल्या ओळखीच्या बाईंनी लेकीला "तुझी खरी आई कोण?" असं विचारलं, ते फार लागलं. खरी आई शेजारी उभी होती हो! उन्हाने लालबुंद झालेली, लेकीच्या केसांत गजरा नीट बसत नाही म्हणून दातांत पिन धरून.

कृपा करून असं कुणाला विचारू नका. उद्या दोघी पुण्याला निघतील, संस्थेची जुनी नोंदवही बघायला.