काठावर पास झालेला नासाचा बॉस
काल ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली सुटताच रेंज गेली आणि बाजूचे काका वैतागले, "ह्या मोबाईल कंपन्यांवर साहेब नेमतं तरी कोण?" म्हटलं काका, आपल्याकडे टेलिकॉमवर नजर ठेवणारी ट्राय काय नि इस्रो काय, प्रमुख सरकारच नेमतं, संसदेत मतदान वगैरे भानगड नाही. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्षांनी नाव दिलं तरी सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची मंजुरी लागते, २०१८ ला नासासाठी जिम ब्रायडनस्टाईन ५०-४९ ने, म्हणजे अक्षरशः एका मताने सुटले. आणि टेलिकॉमवाल्या एफसीसीच्या सदस्यपदासाठी जीजी सोन यांचं नाव ऑक्टोबर २०२१ ला आलं, तीन-तीन सुनावण्या, शेवटी मार्च २०२३ मध्ये त्यांनीच माघार घेतली. सोळा महिने लटकवलं हो बाईंना! काका म्हणे, "आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पण असाच अडकलाय." तेवढ्यात घणसोली आलं, रेंज पण आली.