तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन चालू होतं का?

जुनी कूपे, म्हणजे दोन दारांची पक्क्या छताची गाडी, घरच्या घरी दुरुस्त करतोय असं कळलं की समोरचा हमखास विचारतो, "घेतलीत तेव्हा इंजिन चालू होतं का?" ज्याला स्वतःलाही अशी गाडी घ्यायची असते, त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "चालू इंजिनाचीच घ्यावी ना?"

माझं उत्तर नेहमी एकच असतं. इंजिनाचं नंतर बघू, आधी दाराखाली वाका आणि पत्रा बघा.

माझी गाडी एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची. एमजीबी 1962 मध्ये उघडी दोन सीटर म्हणून आली. 1965 मध्ये तिच्यावर मागे उतरत जाणारं छत चढलं, तीच जीटी. त्या छताच्या रेषेत पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात आहे, आणि मला विचाराल तर इतकी नेटकी पाठ फार थोड्या गाड्यांना लाभली. पण या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि सांगाड्याचा बराचसा भार दोन्ही दारांखालच्या लांब पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर असतो. बाहेरून दिसतो तो सिलचा फक्त एक पत्रा. त्याच्या आत आणखी एक, दोघांमध्ये उभी पट्टी आणि तळाला कॅसल रेल नावाचा लांब घडीचा पत्रा. हे सगळं शाबूत असेल तरच गाडी सरळ उभी राहते.

गंज तिथे आतून लागतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत जाऊ नये म्हणून तिथे एक आडवा पत्रा आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी असते. वर्षानुवर्षांनी ते रबर वाळतं, फाटतं, चिखल आत जाऊन बसतो आणि ओला राहतो. बाहेर रंगाला पहिला फुगा येतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा गेलेला असतो.

ही घेण्याआधी मी दुसरी एक जीटी पाहिली होती. चावी फिरवल्याबरोबर चालू झाली, आवाज सुरेख, रंग आरशासारखा. सिलवर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर मध्येच ते सुटून हातात आलं. म्हणजे तिथे पुट्टी होती. मग मागच्या चाकाच्या बाजूने टॉर्च मारला. मूळची सिल दाराखाली दिसते तेवढ्यावर संपत नाही. पुढे ती मडगार्डच्या आत जाते आणि मागे मागच्या पॅनलच्या खालच्या भागामागे सरकते. इथे मात्र नवा पत्रा नेमका दाराच्या रुंदीइतका कापून जुन्यावरच डकवला होता. टॉर्चच्या उजेडात त्यामागे जुन्या सिलची तपकिरी पापुद्र्यांची कड दिसत होती, बोट लावलं की गळणारी. शेवटी जॅकवर थोडी उचलली आणि दाराच्या मागची फट वरच्या बाजूला मिटत गेली. गाडी मधून वाकत होती. मी मालकाचे आभार मानले आणि निघालो.

जी घेतली तिचं इंजिन जाम होतं. पण जॅकवर उचलली तेव्हा दारं जशी होती तशीच अलगद उघडली आणि लागली.

इंजिनाची मला भीती वाटत नाही, कारण ते बोल्टवर बसलेलं असतं. 1798 सीसीचं ओतीव लोखंडाचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, साधं आणि दणकट. बरीच वर्षं पडून असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, काही दिवस थांबायचं आणि पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने हलवून बघायचा. स्टार्टरने जबरदस्ती करायची नाही. सुटलं तर छान, नाही सुटलं तर खाली उतरवून खोलायचं, आणि अगदीच गेलं असेल तर दुसरं बसवायचं. दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आहेत, त्यांचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली टक्क वाजला पाहिजे, इतकी सोपी परीक्षा. बॉडीचं असं होत नाही. एमजीबीची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने 1988 मध्ये रोडस्टरपासून, म्हणजे उघड्या एमजीबीपासून, त्याची सुरुवात केली. पण मग झाडून सगळी गाडी नव्या बॉडीवर हलवायची. घरी एकट्याने करायचं ते काम नाही.

माझ्या गाडीचीही डावी सिल बदलावी लागली, तेव्हा तेही सांगतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या टाकून ती पक्की बांधायची. एका वेळी एकच बाजू. जुने स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे जोड, ड्रिलने सोडवायचे, नव्या पत्र्याला भोकं पाडून तिथे मिग वेल्डिंग भरायचं, आणि तेही लहान लहान टाके, एकदा इथे एकदा तिथे, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. पक्कं करण्याआधी दार लावून फट बघायची, दार काढायचं, पुन्हा लावायचं. इथे कंटाळलात तर पुढे रंग कितीही चांगला मारा, दार कधीच नीट लागणार नाही. सगळं झालं की पेटीच्या आत मेण फवारायचं, अगदी टोकांपर्यंत.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या बाहेर काढा. नुसती रिकामी टाकी चालणार नाही, आत वाफ असते. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा. काम थांबवल्यावरही तासभर तिथेच राहा. तळाला लावलेलं डांबरासारखं लेपण आतल्या आत धुमसत राहतं.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. तारांचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी कायम चालू, पांढरी चावीनंतर, हिरवी फ्यूजच्या पुढची, काळी अर्थिंगची. फक्त सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी जोडण्याआधी तेवढं तपासा.

आता तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सिल, मजला आणि पुढच्या मडगार्डच्या मागची बाजू बघून झाल्यावर सुटे भाग कुठे आहेत ते विचारा. अर्धवट खोललेली गाडी बहुधा खोक्यांसकट मिळते. क्रोमच्या पट्ट्या, काचांच्या चौकटी, दाराच्या आतल्या कड्या, मागच्या दाराचे बिजागर, एकेक काढून बघा. जीटीचे काही भाग उघड्या एमजीबीला लागत नाहीत, त्यामुळे ते शोधायला इंजिनाच्या भागांपेक्षा जास्त वेळ जातो. खोकी तिथेच उघडा, व्यवहार ठरण्याआधी.