खाडीपलीकडे नेट न्यायचंय? आधी भरतीचं वेळापत्रक काढा

बोरिवलीतल्या उंच गच्चीवरून गोराई गावाकडे बघितलं तर मध्ये कांदळवन आणि खाडी. पलीकडे तार पोचत नसेल तर इकडच्या फायबरचं नेट 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश लावून हवेतून नेता येतं. या पट्ट्याला 2018पासून परवाना लागत नाही. मात्र तेच नेट शेजारीपाजारी विकायचं तर लागतो, शिवाय सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

3 किलोमीटरवर समोरची डिश दिसली म्हणजे झालं, असं नाही. मधोमध त्या रेषेखाली जवळजवळ 4 मीटर मोकळी जागा हवी आणि तेही उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून मोजून. झाडांचे शेंडे आड आले तर डिशचा पाइप उंच करायचा. कांदळवनाला हात लावायला मनाई आहे.

23 डीबीआयच्या डिश (डीबीआय म्हणजे डिश लहरी किती एकवटते त्याचं माप), पॉवर 13 डीबीएम (हे ताकदीचं माप), तर सिग्नल उणे 60 डीबीएमच्या आसपास यायला हवा; आकडा उणेत जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे 75वर 'लागली एकदाची' म्हणून बोल्ट आवळतात, तिथेच फसतात. तो बहुतेक वेळा डिशच्या मुख्य झोताशेजारचा कमजोर, बाजूचा झोत असतो. डिश दोन्हीकडे आणखी फिरवून बघा.

खरी डोकेदुखी पाण्याची. काही लहरी थेट पोचतात, काही पाण्यावरून उसळून. पाणी चढ-उतार करतं तसं दोन्हींचं कधी जमतं, कधी त्या एकमेकींना मारतात. ओळखायची खूण सोपी: नेट रोज ठरावीक वेळ जातं, पण ती वेळ दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. भरतीही तशीच सरकते. आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांपेक्षा उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत त्रास जास्त. राउटर बदलून काही होत नाही. एक डिश अर्धा-एक मीटर वर-खाली करा, किंवा गच्चीच्या कडेपासून मागे घ्या, म्हणजे पाण्यावरून येणारी लहर कठड्याला अडते आणि थेट रेषा मोकळी राहते.

पावसात लिंक पडली की सगळे ढगांकडे बघतात. एवढ्या अंतरावर 5 गिगाहर्ट्झला पाऊस फारसा अडवत नाही. पाणी शिरलेलं असतं कनेक्टरमध्ये. पिना हिरव्या पडल्या असतील तर पुसत बसू नका, कापून नवीन कनेक्टर क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. केबल बाहेर वापरायचीच घ्या, 100 मीटरच्या आत ठेवा आणि डिशमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.