थ्री वूडचा हट्ट आणि काळ्या रानातला सराव

धुळ्यात राहून मी गोल्फ खेळतो असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण खेळता कुठे?" खेळ पुण्याला किंवा नाशिकच्या बाजूला, आणि सराव स्वतःच्या शेतात, असे त्याचे खरे उत्तर आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आम्ही चौघे पहाटे चारला मुंबई-आग्रा महामार्गाला लागतो. मालेगाव मागे पडून चांदवडचा घाट येईपर्यंत मुलांची लग्ने, कापसाचे भाव आणि गुडघेदुखी हे विषय संपलेले असतात, आणि मग गाडीत ज्याच्यावर हमखास वाद होतो तो विषय म्हणजे फेअरवे वूड.

न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. पहिला लांब फटका मारायचा ड्रायव्हर हा क्लब टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूसाठी असतो, तर आयर्न हे पात्यासारखे लोखंडी क्लब जवळच्या अंतरासाठी असतात. या दोहोंच्या मधली जागा फेअरवे वूडची. त्याचा माथा ड्रायव्हरसारखाच फुगीर, पण बराच लहान आणि बसका असतो. त्याचा तोल खाली ठेवलेला असल्यामुळे जमिनीवर पडलेला चेंडूही हवेत उचलला जातो. थ्री वूडच्या तोंडाचा कल, म्हणजे लॉफ्ट, साधारण १५ अंश, फाइव्ह वूडचा १८ आणि सेव्हन वूडचा २१ अंशांच्या आसपास असतो. कागदावर हा तीन-तीन अंशांचा फरक किरकोळ वाटतो, परंतु त्याने माझी सात वर्षे खाल्ली.

थ्री वूड मी घेतला तो निव्वळ हौसेने. दूरदर्शनवर मोठे खेळाडू फेअरवेवरून, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या हिरवळीवरून, तो मारतात, चेंडू अडीचशे यार्डांवर जाऊन थांबतो, आणि आपल्यालाही त्यातले निदान पावणेदोनशे जमतील अशी साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची समजूत होते. खरेदीनंतरच्या पहिल्याच रविवारी, पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या रानात मी तो घेऊन गेलो. आमचा सालदार बांधावर बसून बिडी ओढत होता. मी नीट उभा राहिलो, सर्व शक्ती लावून क्लब फिरवला, डोळ्यांवर हात धरून दूर निंबाच्या झाडाकडे पाहू लागलो आणि चेंडू कुठे पडतो याची वाट पाहत राहिलो. थोड्या वेळाने बांधावरून शांत आवाज आला, "आप्पा, चेंडू ते तठेच शे." चेंडू खरोखरच माझ्या पायापासून दोन हातांवर होता. क्लबची खालची कड त्याच्या डोक्याला चाटून गेली होती. गोल्फच्या भाषेत याला टॉप होणे म्हणतात, आणि थ्री वूड हाती असलेल्या नवशिक्याइतका चेंडू टॉप करणारा प्राणी दुसरा नसेल.

कारण समजायला फार दिवस लागले. क्लबचे तोंड इतके उभे दिसते की हा चेंडू उचलेल यावर मनाचा विश्वासच बसत नाही. मग आपण नकळत मागच्या पायावर रेलतो आणि मनगटांनी चेंडूला खालून वर ढकलू पाहतो. त्यामुळे क्लबच्या वळणाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. अशा वेळी दोनच गोष्टी घडतात, एकतर क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर जमिनीला न लागता वर येत चेंडूचे डोके खरवडतो.

हिरवळीवर सराव करणाऱ्याला ही चूक लवकर दिसत नाही, कारण दाट गवतात चेंडू जरा उंच बसतो आणि अर्धामुर्धा फटकाही खपून जातो. आमच्या काळ्या रानात मात्र काहीच खपत नाही. पाणी देऊन वाफसा आलेल्या जमिनीवर क्लब टेकला की बोटभर रुंदीचा स्वच्छ ओरखडा उमटतो, आणि तो चेंडूच्या जागेच्या मागे सुरू झाला की पुढे, हे कोणा प्रशिक्षकाला विचारावे लागत नाही. माझा ओरखडा चांगला चार बोटे मागे सुरू व्हायचा. मी चुन्याची रेघ मारून तिच्यावर चेंडू न ठेवताच नुसता क्लब फिरवू लागलो. रोज पन्नास वेळा, आणि ओरखडा रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे आला तरच तो मोजायचा. दीड महिन्याने पन्नासांपैकी तीस जमू लागले. क्लबच्या तोंडावर अंगाला लावायची पावडर फासली की चेंडू कुठे लागला याचा गोल ठसाही मिळतो. माझे ठसे टोकाकडे, म्हणजे शरीरापासून दूरच्या बाजूला, उमटत होते. मी चेंडूपासून जास्त लांब उभा राहत होतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

मे महिन्यात याच जमिनीला भेगा पडतात आणि तिच्यावर वूड आपटणे म्हणजे फरशीवर आपटण्यासारखे आहे. तेव्हा काथ्याचे पायपुसणे अंथरूनच सराव करावा लागतो. याच उन्हाळ्यात केलेला एक मूर्खपणाही सांगून टाकतो. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात बॅग दिवसभर गाडीच्या डिकीत राहिली, आणि संध्याकाळी पाहतो तर थ्री वूडचा माथा आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, यांच्या सांध्यावरची काळी प्लास्टिकची बांगडी अर्धा इंच वर सरकलेली. माथा शाफ्टला डिंकासारख्या चिकट द्रव्याने बसवलेला असतो आणि ते उष्णतेने सैल पडते. क्लब पुन्हा बसवून घ्यावा लागला. तेव्हापासून बॅग घरात कूलरसमोर असते, आणि त्यावर घरात जे बोलले जाते ते इथे लिहीत नाही.

या क्लबला वूड का म्हणतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, कारण आता त्यात लाकूड औषधालाही नसते. पूर्वी हे माथे पर्सिमन नावाच्या अमेरिकी झाडाच्या कठीण लाकडाचे असत. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी माथ्याचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि पुढच्या काही वर्षांत लाकूड मागे पडले. हे पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलेच झाड आहे. दोघांचीही वनस्पतिशास्त्रीय प्रजात डायोस्पायरॉस हीच. म्हणजे सातपुड्यातल्या ज्या झाडाच्या पानात सालदाराची बिडी वळली जाते, त्याच्या चुलतभावाने दूरदेशी गोल्फचे मैदान गाजवले. आणखी एक गंमत अशी की टू वूडला तेव्हा ब्रासी म्हणत, कारण कठीण जमिनीवर लाकूड झिजू नये म्हणून त्याच्या तळाला पितळी पत्रा ठोकलेला असे. भेगाळलेल्या रानात उभे राहिल्यावर त्या पत्र्याचे महत्त्व मला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

आता आमच्या गाडीतला वाद. आमच्या डॉक्टरांचे मत असे की फेअरवे वूड लागतातच कशाला, वूड आणि आयर्न यांच्या मधला हायब्रिड क्लब बरा. त्याचा शाफ्ट आखूड असतो, तो रफमधल्या, म्हणजे फेअरवेच्या कडेच्या वाढलेल्या, गवतातून सहज निघतो आणि चुकला तरी कमी चुकतो. रफपुरते मला ते मान्य आहे. अण्णा मात्र थ्री वूडच मारतात. वय एकाहत्तर, क्लब कमरेच्या जेमतेम वर नेतात, पण असा हळुवार आणि सपाट फिरवतात की विळ्याने गवत कापल्याचा भास होतो. चेंडू दीडशे यार्ड जातो, सरळ जातो. हे त्यांना कसे जमते ते मला अजून समजलेले नाही, आणि विचारले तर ते फक्त "घाई करू नको" एवढेच म्हणतात.

सर्वांत शहाणी निवड डॉक्टरांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची आहे. त्यांच्या बॅगेत थ्री वूड पहिल्यापासून नाही. फाइव्ह, सेव्हन आणि नाइन असे तीन वूड आहेत, आणि त्यांचा चेंडू उंच जाऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर, अलगद बसतो. सेव्हन वूड बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी वापरायचा, असे जे पुरुषमंडळी हसून सांगतात, त्यांना मी अमेरिकी खेळाडू डस्टिन जॉन्सनचे उदाहरण देतो. २०२० च्या नोव्हेंबरात त्याने अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मैदानावर २६८ फटक्यांत मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होता. त्याच मैदानावर १९३५ मध्ये जीन सॅराझेनने पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून मारलेला दुसरा फटका थेट होलमध्ये गेला, तो फोर वूडचा. चेंडू गवतात नीट बसलेला नव्हता, म्हणून त्याने थ्री वूडऐवजी जास्त लॉफ्टचा क्लब काढला होता. चेंडू कसा बसला आहे ते आधी पाहायचे आणि अंतराचा विचार नंतर करायचा, हा क्रम मी नेमका उलटा करत आलो होतो.

सात वर्षांनी मी माझे फटके वहीत मांडून पाहिले. जमिनीवरून थ्री वूडचा उत्तम फटका १७० यार्ड, पण तो दहांत दोनदा; बाकीचे कुठे नव्वद, कुठे साठ, एखादा तठेच. उधार घेतलेल्या फाइव्ह वूडचे दहांपैकी सात फटके १५५ ते १६५ च्या दरम्यान पडले. माझ्यासारख्याच्या हातांना क्लब पुरेशा वेगाने फिरवता येत नाही, त्यामुळे १५ अंशांवर चेंडू हवेत टिकतच नाही. तीन अंश वाढले की तो वर जातो आणि म्हणूनच लांबही जातो. हे गणित निवृत्त अभियंत्याला वहीत मांडल्यावर कळावे, याची लाज वाटली.

मागच्या महिन्यात येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर खेळताना माझा चेंडू गवत झडलेल्या टणक जागी पडला होता. ग्रीन दीडशे यार्डांवर होते. जागा पाहून मला घरचे रान आठवले. हात सवयीने थ्री वूडच्या टोपीकडे गेला, तेवढ्यात बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, सात नंबर घ्या, जमीन कडक आहे." मी सेव्हन वूड घेतला, चेंडू डाव्या टाचेच्या दोन चेंडू आत ठेवला आणि डोळ्यांसमोर चुन्याची रेघ आणली. फटका स्वच्छ लागला, चेंडू चांगला उंच गेला आणि ग्रीनच्या डावीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडला. अण्णांनी आपला थ्री वूड काढला, त्याच अंतरावरून चेंडू घरंगळत ग्रीनवर आणला आणि नाशिक फाट्यापर्यंत गाडीत त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांचे ते न बोलणे मला जास्त लागले.