लाइन गेली तरी पंप चालला पाहिजे

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये कमरेच्या वर चढलं. मीटरचा बोर्ड बुडाला. दोन दिवस लाइन नव्हती, बारा घरांनी जिन्यावरून बादल्या वाहिल्या. तेव्हाच सगळे म्हणाले, आता सोलर बसवायचं.

फेब्रुवारी २०२४मध्ये छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. सोसायटीच्या कॉमन मीटरला, म्हणजे पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरला, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान. आम्ही पाच किलोवॅट धरले. मी सचिव, म्हणून फाइल माझ्या गळ्यात. अर्ज भरायला बसलो तर कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर! अठरा वर्षं बिल भरतोय, नाव कोणी वाचलंच नव्हतं. नाव बदलण्यातच दीड महिना गेला.

मग कोटेशनं. सगळे बचतीचं गणित मांडत. "लाइन गेल्यावर पंप चालेल ना?" असं विचारलं की विषय बदलत. शेवटी एका पोऱ्यानं खरं सांगितलं, "काका, ऑन-ग्रिडमध्ये, म्हणजे लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये, लाइन गेली की सोलरही बंद." खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरचा करंट लागू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. म्हणजे पुन्हा पूर आला असता तर भर उन्हात पॅनल चमकत राहिले असते आणि आम्ही पुन्हा बादल्या वाहिल्या असत्या. म्हणून लाइन गेल्यावरही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागली. बॅटरीला अनुदान नाही, त्यामुळे वर्गणी वाढली आणि मीटिंग रात्री अकरापर्यंत चालली.

बॅटरी मीटरबोर्डाशेजारी लावली की वायर कमी लागते, असं सोलरवाल्यांचं म्हणणं. मी भिंतीवरची पुराची मातकट रेघ दाखवली. छतावरच्या खोलीत ठेवावी तर मे महिन्यात तिथं भट्टी. शेवटी पहिल्या मजल्याच्या जिन्यात कोनाडा काढला.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न वेगळाच होता, "माह्या कुरडया काय आता पॅनलवर वाळवू?" स्टँड उंच करून दक्षिणेकडची पट्टी मोकळी सोडली तेव्हा त्यांची सही मिळाली.

नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर, लागायला आणखी पाच आठवडे लागले. मे महिन्यात मीटर पळेल असं वाटलं होतं, पण ४५ अंशांत पॅनल इतके तापतात की वीज कमीच बनवतात. फेब्रुवारी-मार्चच्या निवळ उन्हात आमचे आकडे बरे येतात. धुळीसाठी रविवारी पहाटे ओलं फडकं. उन्ह चढल्यावर तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

जूनमध्ये वादळ आलं आणि अख्ख्या गल्लीची लाइन गेली. इन्व्हर्टरनं टक् केलं, जिन्यातले दिवे क्षणभर मिचकले. मी पंप सुरू केला. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकत उभा होतो, तेवढ्यात काकूंचा फोन.

"पंप चालू आहे, मंग माहा कूलर काऊन बंद आहे?"