आमची वाटचाल : तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन

गॅरेजची सुरुवात आम्ही दोघांनी केली, पार्टनरचा हात वायरिंगवर आणि माझा इंजिनावर, आणि पहिल्यापासून दोघांचं म्हणणं एकच, कमी खर्चात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेली गाडी पळवायची तर आधी हवा गळते कुठे ते बघा. पहिलं हत्यार आम्हीच बनवलं, प्लास्टिक पाइपच्या टोपीत टायरचा व्हॉल्व्ह, ती टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळायची, कॉम्प्रेसरने १५ पीएसआय हवा भरायची आणि एकेका जोडावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा दिसला की गेलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, सापडला, हे टेस्टर आजही रोज लागतं.

मग ती गाडी आली. आम्ही फक्त मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) बसवून दिला, बाकी कशाला हात लावला नाही. तीन आठवड्यांनी टो करून परत, निळा धूर. कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घेतलं तर एक, दोन, चार १७० पीएसआयच्या आसपास आणि तिसरा ६०. हेड उतरवलं, पिस्टन काढला, दोन रिंगांमधला काठ नखाएवढा तुटलेला. मधल्या काळात आमच्याच लाइनमधल्या एकाने त्याला ट्यूनिंग बॉक्स लावून दिला होता. तो बॉक्स प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्ट चढवत नेतो पण टायमिंग (स्पार्क कधी पाडायचा ते) हलक्या लोडचंच देतो, मग नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून पिस्टनवर ठोके, होणारच. गाडी आमच्याकडे यायच्या आत बॉक्स काढून नेलेला, सेन्सरच्या प्लगची मोडलेली क्लिप तेवढी मागे राहिली. आणि "त्यांच्याकडे इंजिनं फुटतात" असं बोलत फिरला तोच माणूस! चार महिने लिफ्ट रिकामी होती. पार्टनर सोडून गेला, त्याला दोष नाही देत, घरी लहान मूल होतं. वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) विकायला काढला होता मी. एवढी वर्षं झाली पण हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

त्या दिवसांत एक सर तेवढे येत राहिले, शाळेत शिकवायचे, जुनी टर्बो हॅचबॅक. म्हणाले, "पंधरा दिवस ठेवा, पण मनासारखं करा." त्या गाडीवर मी लॉग (गाडी पळताना ईसीयूने नोंदलेले आकडे) वाचायला शिकलो, फुल लोडला मिक्श्चर ११.८ वर, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा, आणलं, नॉक दिसला की टायमिंग एक डिग्री मागे, परत रन, परत लॉग. सरांनी मग सहकाऱ्यांच्या गाड्या आणल्या आणि गॅरेज उभं राहिलं. पुढची वर्षं बरी गेली.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो, मॅप (ईसीयूची नवी सेटिंग) टाकायच्या आधी नवे स्पार्क प्लग घाला, बूस्ट वाढवणार असाल तर प्लगच्या टोकांमधला गॅप थोडा कमी ठेवा नाहीतर स्पार्क विझतो, ब्रेक आणि टायर धड नसतील तर बूस्टला हात लावू नका. आणि टेस्टर विकत घेऊ नका, टोपीला भोक व्हॉल्व्हपेक्षा किंचित लहान पाडा, व्हॉल्व्हला साबण लावा आणि आतून बाहेर खेचा, घट्ट बसतो.